चिकाच्या वाटेवरची मास्तरीण

रुईचं पान खुडलं की पांढरा चीक टपकतो, तो तुम्ही पाहिलाच आहे पोरांनो. ब्राझीलच्या ॲमेझॉन जंगलात हेव्हिया नावाचं असंच एक चिकाळ झाड आहे. किडा साल पोखरू लागला की आतल्या नळ्यांमधून चीक धावून येतो, हवेत आळतो आणि किड्याचं तोंडच चिकटवून टाकतो. त्या चिकात अतिशय सूक्ष्म पिशव्या असतात. साल चिरली की त्या फुटतात, रबराचे कण एकमेकांना धरून गोळा होतात आणि जखम बुजते. झाडाने स्वतःसाठी केलेला हा मलम माणसाने गाडीच्या चाकाला लावला!

चीक काढायचा तो पहाटे. रात्री पानांतून पाणी फारसं उडत नाही, म्हणून नळ्या तट्ट फुगलेल्या असतात. ऊन चढलं की दाब उतरतो आणि धार आटते. म्हणूनच आक्रे प्रांतातली रबर काढणारी कुटुंबं अंधारातच घराबाहेर पडत. अशाच एका घरात 1958 मध्ये मरीना सिल्वा जन्मली. बापाचं कर्ज फेडायला तीही बहिणींबरोबर झाडांना काप द्यायला जाई.

खूप चालावं लागे, कारण जंगलात ही झाडं एकमेकांपासून लांब लांब असतात. आणि तेच त्यांच्या जिवाला बरं. त्यांच्या पानांवर एक बुरशी पडते. झाडं विखुरलेली असली की तिला फार पसरता येत नाही. हेन्री फोर्डच्या मोटार कंपनीने 1928 पासून ॲमेझॉनमध्ये मोठा मळा वसवला, झाडं दाटीने लावली. बुरशी पानोपानी पसरली आणि 1945 मध्ये गाशा गुंडाळावा लागला. आशियात ही बुरशी रुजलेली नाही, म्हणून केरळात आणि आपल्या दोडामार्गात रबराच्या बागा उभ्या राहू शकल्या.

पण झाडं लांब म्हणून घरंही लांब. शाळा नाही, दवाखाना नाही. रबर विकत घेणारा व्यापारी वहीत लिहील तो हिशेब खरा. झाडाला जो एकटेपणा तारतो, त्यानेच माणसं नाडली गेली. मला या गोष्टीत सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते हेच.

मरीनाला सोळाव्या वर्षापर्यंत वाचता येत नव्हतं. हिवताप आणि काविळीने पोखरलेली ही पोर उपचारांसाठी रिओ ब्रँको शहरात आली. तिला जोगीण व्हायचं होतं. तिथे ती अक्षरं शिकली, लोकांच्या घरी तिने मोलकरणीचं काम केलं आणि 1984 मध्ये इतिहासाची पदवी घेऊन मास्तरीण झाली. त्याच वर्षी चिको मेंडिस या रबर कामगाराबरोबर तिने आक्रेत कामगार महासंघाची शाखा उभी केली. जंगल तोडायला माणसं आली की बाया, पुरुष, लेकरं सगळे त्यांच्यासमोर जाऊन उभे राहायचे. हातात शस्त्र नाही. करवतवाल्यांनाच समजवायचे, अरे, तुम्हीही आमच्यासारखेच मजूर ना!

1988 मध्ये ती रिओ ब्रँकोची नगरसेविका झाली. त्याच वर्षी 22 डिसेंबरला एका जमीनदाराच्या मुलाने चिकोला गोळी घालून मारलं. मरीना मागे हटली नाही. 1994 मध्ये, छत्तिसाव्या वर्षी, ती वर्कर्स पार्टीकडून सिनेटवर, म्हणजे ब्राझीलच्या संसदेच्या वरिष्ठ सभागृहावर, निवडून गेली.

मग झाडं वाचली का, असंच विचारणार ना? सगळी नाही, पण पुष्कळ वाचली. 1990 मध्ये चिकोच्या नावाचं राखीव जंगल झालं. तिथे राहणाऱ्यांनी चीक काढायचा, फळं-बिया गोळा करायच्या, जंगल मात्र उभं ठेवायचं. 2003 मध्ये मरीना पर्यावरणमंत्री झाली. उपग्रहाच्या छायाचित्रांवरून तोड कुठे चालली आहे ते हुडकायचं आणि तिथे पथक पाठवायचं, अशी व्यवस्था तिने बसवली. 2004 मध्ये ॲमेझॉनचं 27,000 चौरस किलोमीटरहून जास्त जंगल तुटलं होतं. 2012 मध्ये हा आकडा 5,000 च्या खाली आला. पण त्याआधीच, 2008 मध्ये, सरकारात आपलं म्हणणं डावललं जातंय असं दिसल्यावर तिने मंत्रिपद सोडलं होतं. 2023 मध्ये त्याच खात्याचा कारभार तिने पुन्हा हाती घेतला.