वीतभर मातीच्या खाली

पुणे–बेंगळूरु महामार्गावर उत्तरेला शिरोलीची एमआयडीसी, दक्षिणेला गोकुळ शिरगावची आणि दोन्हींच्या मध्ये करवीर तालुक्यातलं उचगाव. इथं उसाला लागून शेड, शेडला लागून गोदाम आणि त्यापलीकडं प्लॉट पाडलेली जमीन दिसते. 2017 साली कोल्हापूरभोवतीच्या 42 गावांसाठी विकास प्राधिकरण आलं, त्यात उचगावही आहे. जमिनीचे भाव चढले. पण बंद पडलेल्या शेडच्या जागी घर बांधताना जमिनीच्या पोटात काय आहे, हे तपासण्याचा खर्च कुणाच्याच हिशेबात नाही.

म्हादबा मेस्त्री, वाय. पी. पोवार यांच्यासारख्या कारागिरांच्या हिकमतीवर कोल्हापूरचा यंत्रोद्योग उभा राहिला. उसाला पाणी देणारी ऑइल इंजिनं इथंच घडली आणि त्यांच्याबरोबर फौंड्री वाढली. सिलिका वाळूत बेंटोनाइट माती आणि कोळशाची पूड मिसळून साचा बनतो. आतल्या कोअरसाठी वाळू रेझिननं बांधतात. सुमारे 1400 अंशांचं लोखंड ओतलं की पूड आणि रेझिन जळतं, वाळू काळी पडते. वापरून वापरून निकामी झालेली ही वाळू या पट्ट्यात वर्षानुवर्षं जुन्या खाणींत, रस्त्याकडेला, भरावात पडत आली.

ही वाळू सरसकट विषारी नसते. लोखंडाच्या साध्या साच्यातली बहुतेक वेळा निरुपद्रवी निघते. रेझिनच्या वाळूत फिनॉल राहू शकतं, पितळेच्या ओतकामातून शिसं उतरू शकतं. डोळ्यांना दोन्ही काळीच. म्हणून तपासणीला उद्योगविरोध समजू नये. निर्दोष ठरलेली जागा कारखानदाराच्याही डोक्यावरचं ओझं उतरवते.

शेतकऱ्याच्या हाती आज मृदा आरोग्य पत्रिका आहे. 2015 साली सुरू झालेल्या या योजनेत 12 घटक मोजतात : नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, सामू, क्षारता, सेंद्रिय कर्ब आणि पाच सूक्ष्म अन्नद्रव्यं. शिसं नाही, क्रोमियम नाही, फिनॉल नाही. नमुनाही इंग्रजी व्ही आकाराचा खड्डा घेऊन साधारण 15 सेंटिमीटर खोलीपर्यंतचा, म्हणजे वीतभर. पिकासाठी ते योग्यच. पण भराव असतो पुरुषभर खोल. त्यासाठी गिरमिटानं थरांमागून थर काढावे लागतात, फिनॉलचे नमुने काचेच्या बाटलीत थंड ठेवून प्रयोगशाळेत पोचवावे लागतात आणि जवळच्या विहिरीचं पाणीही तपासावं लागतं. पंधराव्या वित्त आयोगानं 2025-26 पर्यंत ग्रामपंचायतीच्या अनुदानातला 60 टक्के हिस्सा पाणी आणि स्वच्छतेला बांधून टाकला होता. उरलेल्यात गटारं करायची, दिवे लावायचे की माती तपासायची?

जुलै 2025 मध्ये केंद्रानं दूषित स्थळांच्या व्यवस्थापनाचे नियम काढले. संशयित जागांची यादी स्थानिक पातळीवरून जायची, 90 दिवसांत प्राथमिक तपासणी व्हायची, मग सविस्तर. खर्च प्रदूषण करणाऱ्याचा. तो सापडला नाही किंवा ऐपतीचा नसला तर केंद्र आणि राज्याचा. हे नियम येईपर्यंत देशात 103 जागा नोंदल्या गेल्या होत्या, साफसफाईचं काम जेमतेम सात ठिकाणी सुरू होतं.

प्रदूषण करणाऱ्याकडून वसुली होईपर्यंत थांबायचं तर काय होतं, हे राजस्थानातल्या बिछडी गावानं भोगलंय. एच-ॲसिडच्या कारखान्यानं तिथल्या विहिरींचं पाणी लाल केलं. नागपूरच्या ‘नीरी’ या पर्यावरण संशोधन संस्थेनं पाहणी केली, 1996 साली सर्वोच्च न्यायालयानं गावाच्या बाजूनं निकाल दिला, पुढं 37.385 कोटींची रक्कम ठरली. ती भरली गेली नाही म्हणून 2011 साली न्यायालयाला 12 टक्के चक्रवाढ व्याज लावावं लागलं. गावाच्या बाजूनं निकाल लागूनही ही गत. आणि त्या लढाईचा पाया होता नीरीचा अहवाल.

अमेरिकेनं 2002 च्या कायद्यानं तपासणीचा हा पहिला टप्पाच सरकारी अनुदानाचा केला. लहान गावंही निव्वळ तपासणीसाठी पैसे मागू शकतात. आधी जुनी कागदपत्रं आणि माणसांची आठवण धुंडाळायची, संशय उरला तरच माती उकरायची. हे मला फार शहाणपणाचं वाटतं. सातबाऱ्यावर भरावाची नोंद नसते. ती माहिती ट्रॉल्या रिकाम्या करणाऱ्या चालकांकडं आणि साचे भरणाऱ्या मोल्डरांकडं असते, आणि ती पिढी आता थकली आहे.

जिल्हा वार्षिक योजनेत या तपासणीसाठी वेगळं लेखाशीर्ष हवं, आणि मागणी ग्रामसभेच्या ठरावानं जायला हवी : गट नंबर, पूर्वीचा धंदा, भरावाचा अंदाज, जवळची विहीर. नमुन्यांचा खर्च सरकारनं आधी करावा, दोषी ठरेल त्याच्याकडून मागाहून वसूल करावा. अहवालाची प्रत चावडीवर लागावी, आणि बांधकाम परवानगी देणाऱ्या अधिकाऱ्यानं ती पाहिल्याशिवाय सही करू नये.