वखारीचें भाडें आणि वखारीचें दार

मोबाइलवर काढलेला फोटो ‘क्लाउडवर गेला’ असें आतां घरोघर म्हणतात. क्लाउड म्हणजे ढग. परंतु ह्या ढगाचा आकाशाशीं कांहीं संबंध नाहीं. तो जमिनीवरच असतो आणि त्याला भाडें पडतें. कोठेंतरी एक भली मोठी इमारत असते. तींत चुंबकीय तबकड्यांच्या हजारों पेट्या रात्रंदिवस फिरत असतात. त्यांना वीज लागते, थंडावा लागतो. आणि आपलीं चित्रें, पत्रें व हिशेब त्या तबकड्यांवर लिहिलेले असतात. मायक्रोसॉफ्टनें अशीं केंद्रें २०१५ सालीं पुणें, मुंबई व चेन्नई येथें उघडलीं. ॲमेझॉननें २०१६ सालीं मुंबईंत उघडलें. आपल्या जुन्या शब्दांत सांगावयाचें तर ही एक वखार आहे. माल आपला, जागा त्यांची. ह्या वखारवाल्यांची आपसांतील चढाओढ आणि गिऱ्हाइकांशीं होणारी त्यांची घासाघीस हा आजचा विषय आहे. तो समजून घेणें अगत्याचें अशासाठीं कीं, ह्या वखारींना दारें दोन आहेत, आणि भावाची ठळक पाटी फक्त आंत जाण्याच्या दारावर लाविलेली असते.

प्रथम मापाविषयीं. ही साठवण गिगाबाइटांनीं मोजतात. एका गिगाबाइटांत आपल्या फोनवरचे तीनएकशें फोटो मावतात, असें ढोबळ मानानें धरूं.

धंद्याचा आरंभ १४ मार्च २००६ रोजीं झाला असें म्हणण्यास हरकत नाहीं. तोंपर्यंत पुस्तकें व किरकोळ माल विकण्यासाठीं प्रसिद्ध असलेल्या ॲमेझॉन ह्या अमेरिकन कंपनीनें त्या दिवशीं ‘एस-थ्री’ नांवाची साठवण विकावयास काढली. भाव दर गिगाबाइटास दरमहा १५ सेंट. अनामत नाहीं, मुदतीचा करार नाहीं. जेवढा माल तेवढें भाडें. पुढें गूगल व मायक्रोसॉफ्ट हे दोन बलाढ्य प्रतिस्पर्धी बाजारांत उतरले, आणि २०१४ सालच्या मार्चच्या अखेरीस मोठी मौज झाली. २५ तारखेस गूगलनें आपला भाव एकदम २.६ सेंटांवर आणला. दुसऱ्याच दिवशीं ॲमेझॉननें आपले साठवणीचे भाव सरासरीनें निम्म्याहून खालीं उतरविले. ३१ तारखेस मायक्रोसॉफ्टनेंहि कपात जाहीर केली. मंडईंत एका गाळ्यावरून ‘वीस’ अशी आरोळी यावी आणि शेजारच्यानें लागलीच ‘अठरा’ म्हणावें, तसाच हा प्रकार. फरक इतकाच कीं येथें ओरडणाऱ्यांच्या गल्ल्यांत अब्जावधि डॉलर होते.

डिसेंबर २०१६ मध्यें ॲमेझॉनचा अमेरिकेंतील मुख्य भाव २.३ सेंटांवर आला. आणि तेथें तो कित्येक वर्षें खिळून राहिला. तबकड्या तर त्यानंतरहि स्वस्त होत गेल्या. नवे विक्रेतेहि आले: बॅकब्लेझ कंपनीनें २०१५ मध्येंच अवघ्या अर्ध्या सेंटास जागा देऊं केली होती, म्हणजे ॲमेझॉनच्या तेव्हांच्या भावाच्या सहाव्या हिश्श्यानें. शेजारी सहापट स्वस्त दुकान मांडलें असतां मोठा दुकानदार निश्चिंत कसा राहूं शकतो?

ह्याचें उत्तर दुसऱ्या दारावर आहे. शाळेंतल्या उदाहरणाप्रमाणें मांडूं. छायाचित्रें विकणाऱ्या एका पेढीचा १०,००० गिगाबाइट माल ॲमेझॉनच्या वखारींत आहे. २.३ सेंटांप्रमाणें महिन्याचें भाडें २३० डॉलर. माल आंत नेला तेव्हां वाहतुकीबद्दल कांहीं पडलें नाहीं. आतां मालकानें तो सर्व बाहेर काढून अर्ध्या सेंटाच्या वखारींत न्यावयाचें ठरविलें. बाहेर काढण्याचा पाटीवरील दर गिगाबाइटास ९ सेंट. महिन्याला १०० गिगाबाइट मोफत सुटतात ते वजा केले, तरी बिल ८९१ डॉलरांचें. नव्या जागीं दरमहा १८० डॉलर वांचतील हें खरें. पण पहिल्या पांच महिन्यांची बचत केवळ दार ओलांडण्यांतच गेली. शिवाय आज्ञावल्या नव्या जागेशीं जुळवून घेण्याचें काम आहे तें वेगळेंच. बहुतेक मालक हा हिशेब करून आहे तेथेंच राहतात, आणि वखारवाल्यास तें पक्कें ठाऊक असतें. क्लाउडफ्लेअर कंपनीनें २०२२ पासून बाहेर काढण्याचें शुल्कच न घेणारी साठवण सर्वांस खुली केली. तिनें नेमकें ह्या दुसऱ्या दारावर बोट ठेविलें.

मोठ्या गिऱ्हाइकांची गोष्ट निराळी. तीं पाटी पाहतच नाहींत. बैठकीस बसतात आणि अमुक वर्षांत अमुक रक्कम खर्च करूं असें वचन देऊन सवलत मागतात. स्नॅप कंपनीनें २०१७ सालीं भागविक्रीच्या वेळीं उघड केलेल्या कागदपत्रांवरून दिसतें कीं, तिनें गूगलला पांच वर्षांत २०० कोटी डॉलर देण्याचें कबूल केलें होतें, आणि त्यानंतर लागलीच ॲमेझॉनशींहि १०० कोटींचा करार केला. दोन वखारींत पाय ठेवणाऱ्या गिऱ्हाइकाशीं कोणताहि विक्रेता अदबीनें बोलतो. ड्रॉपबॉक्स तर त्याहि पुढें गेली. लोकांच्या फायली सांभाळणारी ही कंपनी स्वतःच ॲमेझॉनची भाडेकरी होती. तिनें आपली वखार बांधली, बहुतेक माल तेथें हालविला, आणि दोन वर्षांत सुमारे साडेसात कोटी डॉलर वांचविले असें २०१८ सालीं जाहीर केलें. घासाघिशींत खरें बळ बोलण्याच्या चातुर्यांत नसून उठून जाण्याच्या तयारींत असतें. आपल्याकडे लुगडें घेतांना दुकानाची पायरी उतरूं लागणाऱ्या गृहिणीस हें कोणी शिकवावें लागत नाहीं.

परंतु त्याच गृहिणीस ह्या बाजारांत पायरी सांपडत नाहीं. गूगल फोटोजनें २०१५ पासून अमर्याद साठवण फुकट दिली. १ जून २०२१ पासून ती बंद झाली, आणि नवे फोटो १५ गिगाबाइटांच्या एकत्र मर्यादेंत मोजले जाऊं लागले. त्या सहा वर्षांत बारशीं झालीं, मुंजी झाल्या, आजीआजोबांचे शेवटचे फोटो त्यांत गेले. ह्यास फसवणूक म्हणतां येणार नाहीं, सूचना आगाऊ दिली होती. पण फुकट जागा हा देखील भावयुद्धांतला एक डाव असतो हें ध्यानांत ठेवावें. ऑगस्ट २०२४ मध्यें जिओनें आपल्या ग्राहकांस १०० गिगाबाइटांपर्यंत फुकट साठवण जाहीर केली, ती ह्याच दृष्टीनें पाहावी. गूगलच्या नियमांप्रमाणें मर्यादेबाहेर दोन वर्षें राहिलेल्या खात्यांतील माल काढून टाकला जाऊं शकतो, हेंहि कुटुंबांतील एकानें तरी वाचून ठेवणें बरें.

युरोपांत मात्र सरकारनेंच दुसऱ्या दाराकडे लक्ष दिलें. युरोपीय संघाचा डेटा कायदा ११ जानेवारी २०२४ रोजीं अंमलांत आला. एका वखारींतून दुसरीकडे जाणाऱ्या गिऱ्हाइकाकडून १२ जानेवारी २०२७ पासून स्थलांतराचें शुल्क मुळींच घेऊं नये, असें त्यांत ठरविलें आहे. कायद्याची चाहूल लागतांच गूगलनें जानेवारी २०२४ मध्यें, आणि ॲमेझॉन व मायक्रोसॉफ्टनें मार्चमध्यें, कायमचें सोडून जाणाऱ्यांचें हें शुल्क माफ केलें. रोजच्या ये-जा करणाऱ्या मालावरील आकार त्यानें सुटला नाहीं.

घरच्या खात्यावर माल काढण्यास पैसे पडत नाहींत, वेळ मात्र पडतो. गूगलची ‘टेकआउट’ नांवाची सोय आहे. तींत फोटो निवडून मागणी नोंदवावी. कांहीं तासांनीं, क्वचित् कांहीं दिवसांनीं, गठ्ठे तयार झाल्याचें पत्र ई-मेलनें येतें. ते गठ्ठे सुमारे आठवडाभरच राखून ठेवतात, म्हणून तेवढ्या अवधींत ते घरच्या तबकडीवर उतरवून घ्यावे, आणि दोनचार फोटो उघडून पाहावे.