भयपटांतील स्त्री आणि शीलाचा हिशेब

पेडणे-डिचोलीकडील जत्रांतून रात्रभर रंगणारा दशावतार ज्यांनी पाहिला आहे, त्यांना संकटात सापडलेली नायिका नवी नाही. राजाने टाकलेली राणी रानात एकटी भटकते, दैत्य तिच्यावर झडप घालू पाहतो आणि तिच्या पातिव्रत्याच्या बळावर देव धावून येतो. ही राणी पुरुषनटच वठवीत असतो. तरी प्रेक्षकांतील बायका पदराने डोळे टिपतात. शील असेल तर रक्षण होईल, असा जणू त्या खेळाचा करारच असतो.

हाच करार पाश्चात्त्य भयपटांतही आढळतो, असे म्हटल्यास नवल वाटेल. इंग्रजीत ज्यांना ‘स्लॅशर’ म्हणतात, त्या चित्रपटांत बहुधा मुखवटा घातलेला एक खुनी तरुण मुलामुलींना एकामागून एक सुरीने ठार करीत जातो. जी मुलगी प्रियकराला भेटते, मद्य पिते, ती लवकर मरते. जी सावध व संयमी असते, ती शेवटपर्यंत तग धरते. कॅरल क्लोव्हर या अमेरिकन विदुषीने या वाचणाऱ्या मुलीला ‘अखेरची मुलगी’ असे नाव दिले आणि १९९२ सालच्या आपल्या ग्रंथात तिचा विस्ताराने विचार केला. या चित्रपटांत पुरुषाचा मृत्यू झटकन उरकला जातो, स्त्रीचा मात्र जवळून व सविस्तर दाखविला जातो, हेही त्यांनी नोंदविले. तथापि शेवटी तरुण पुरुष प्रेक्षकही त्या मुलीच्याच बाजूने श्वास रोखून बसतो, हे त्यांचे निरीक्षण अधिक मोलाचे आहे.

या परंपरेच्या उगमाशी आल्फ्रेड हिचकॉक यांचा १९६० सालचा ‘सायको’ आहे. त्यातील तरुणी चोरलेले पैसे परत करण्याचा निश्चय करते आणि त्यानंतर लगेच स्नानगृहात मारली जाते. पश्चात्तापही तिला वाचवीत नाही. ही भूमिका जॅनेट ली यांची. पुढे १९७८ साली आलेल्या ‘हॅलोवीन’मधील वाचणारी मुलगी जेमी ली कर्टिस यांनी रंगविली, आणि त्या जॅनेट ली यांच्याच कन्या. आई बळी आणि लेक विजयी! परंतु त्या चित्रपटाचा आरंभ पाहा. कॅमेरा खुन्याच्या डोळ्यांतून पाहतो. म्हणजे पहिल्या खुनाच्या वेळी आपणच त्याच्या जागी उभे असतो. दशावताराच्या मांडावर हे घडत नाही. तिथे दैत्य आणि राणी दोघेही आपल्यासमोर उभे असतात.

मराठीत २०१७ साली आलेल्या विशाल फुरिया यांच्या ‘लपाछपी’ने हा करार मोडला. पूजा सावंत यांनी साकारलेली गरोदर नायिका उसाच्या फडांनी वेढलेल्या एका घरात अडकते. तिथले भय बाहेरून चालून आलेले नसते. मुलगी नको म्हणणाऱ्या घराच्या पोटातूनच ते उपजते. ही स्त्री शीलवती म्हणून सुटत नाही, झुंजते म्हणून सुटते. फुरिया यांनीच २०२१ साली ही कथा ‘छोरी’ या नावाने हिंदीत आणली.

हा भेद केवळ रसिकतेचा नाही. एखाद्या स्त्रीवर आघात झाला की “ती त्या वेळी तिथे गेलीच कशाला?” असा प्रश्न आपल्या ओठी येतो. त्या प्रश्नात तोच जुना हिशेब दडलेला असतो: जिने मर्यादा ओलांडली, तिने किंमत मोजावी. भयपट जरूर पाहावेत, भिण्यातही एक आनंद असतोच. मात्र पडद्यावर स्त्री धावू लागली की कॅमेरा कोणाच्या डोळ्यांनी पाहत आहे, हे ध्यानी घ्यावे. सुरी चालविणाऱ्याचा अपराध आपण त्या मुलीच्या खाती तर मांडीत नाही ना, हे ज्याने त्याने स्वतःला विचारावे.