दहावीला १२ मुलं, निकाल १०० टक्के: छोट्या सरकारी शाळेचे आकडे नेमके कसे वाचायचे?

दहावीचा निकाल लागला की गावोगावी फ्लेक्स लागतात, व्हॉट्सॲपवर स्टेटस फिरतात. 'उज्ज्वल यशाची परंपरा कायम, शाळेचा निकाल १०० टक्के!' दुसऱ्या बाजूला एखाद्या शाळेचा निकाल घसरला की 'सरकारी शाळांची अवस्था बघा' म्हणून तोही फॉरवर्ड होतो.

दोन्हीकडे एक आकडा मात्र सहसा दिसत नाही. परीक्षेला मुलं किती बसली होती?

छोट्या शाळेच्या बाबतीत हाच आकडा सगळ्यात महत्त्वाचा असतो. तो कळल्याशिवाय निकालाची टक्केवारी जवळपास काहीच सांगत नाही.

एक मूल नापास झालं तर काय होतं?

समजा, एका गावातल्या जिल्हा परिषदेच्या हायस्कूलमध्ये दहावीला १२ मुलं आहेत. सगळी पास झाली तर निकाल १०० टक्के. एक मूल नापास झालं की थेट ९१.६७ टक्के. दोन नापास झाली की ८३.३३ टक्के.

आता शहरातली मोठी शाळा घ्या. दहावीला २४० मुलं. तिथे एक मूल नापास झालं तर निकाल ९९.५८ टक्के लागतो आणि दोन झाली तर ९९.१७.

म्हणजे नापास मुलं दोन्हीकडे दोनच. पण एका शाळेची बातमी 'निकाल घसरला' अशी होते आणि दुसरीचा सत्कार होतो.

नशिबाचा भाग किती?

२०२५ मध्ये राज्याचा दहावीचा निकाल ९४.१० टक्के लागला. सोयीसाठी असं धरू की, प्रत्येक मुलाची पास होण्याची शक्यता ९४ टक्के आहे आणि एकाच्या निकालाचा दुसऱ्याच्या निकालाशी संबंध नाही. म्हणजे आपली शाळा अगदी सरासरी आहे. खूप चांगली नाही आणि वाईटही नाही.

अशा सरासरी शाळेत १२ मुलं असतील, तर सगळीच्या सगळी पास होण्याची शक्यता जवळपास ४८ टक्के येते. म्हणजे शिकवण्यात काहीही बदल न करता साधारण दर दुसऱ्या वर्षी १०० टक्के निकाल लागू शकतो. त्याच शाळेत दोन किंवा जास्त मुलं नापास होण्याची शक्यता सुमारे १६ टक्के आहे. म्हणजे साधारण सहा वर्षांत एकदा निकाल ८३ टक्के किंवा त्याहून खाली येणार.

शिक्षक तेच, फळा तोच, मुलंही तशीच. तरी एका वर्षी फ्लेक्स लागतो आणि दुसऱ्या वर्षी जाब विचारला जातो.

२४० मुलांच्या सरासरी शाळेत मात्र निव्वळ योगायोगाने १०० टक्के निकाल लागणं जवळपास अशक्य आहे. त्यामुळे तिथे तसा निकाल लागला, तर त्यामागे नक्की काहीतरी कारण असतं.

अमेरिकेत याच आकड्यांनी कशी गल्लत केली?

अमेरिकेतही हा घोळ झाला आहे. तिथल्या सर्वाधिक गुणांच्या शाळांच्या यादीत छोट्या शाळा जास्त दिसत होत्या. छोटी शाळा म्हणजे चांगलं शिक्षण, असा समज पक्का झाला. गेट्स फाउंडेशनने सार्वजनिक हायस्कूल सुधारण्यासाठी २ अब्ज डॉलरहून जास्त अनुदान दिलं. शाळांचा आकार लहान करणं हा त्यातला एक महत्त्वाचा भाग होता.

नंतर होवर्ड वेनर आणि हॅरिस झ्वेर्लिंग या अभ्यासकांनी पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या १,६६२ शाळांचे गुण तपासले. सर्वाधिक गुणांच्या ५० शाळांपैकी ६ शाळा राज्यातल्या सगळ्यात छोट्या ५० मधल्या होत्या. एवढं पाहिलं तर छोट्या शाळाच भारी वाटतात. पण त्यांनी यादीचं खालचं टोकही पाहिलं. सर्वांत कमी गुणांच्या ५० शाळांमध्ये छोट्या शाळा ९ होत्या!

छोट्या शाळा वरच्या टोकालाही जास्त आणि खालच्याही. कारण मुलं कमी असली की सरासरी जास्त हेलकावे खाते. २००९ मध्ये बिल गेट्स यांनी वार्षिक पत्रात मान्य केलं की, पैसा लावलेल्या अनेक छोट्या शाळांमध्ये मुलांच्या गुणांत लक्षणीय सुधारणा झाली नाही.

टक्केवारीत कोण मोजलंच जात नाही?

निकालाची टक्केवारी परीक्षेला बसलेल्या मुलांवरच काढली जाते. आठवीत पटावर १८ मुलं होती आणि दहावीला १२च बसली, तर मधली ६ कुठे गेली? काहींनी शाळा बदलली असेल. एखादं मूल आईवडिलांबरोबर ऊसतोडीला गेलं असेल, एखाद्या मुलीचं लग्न झालं असेल. एखाद्याला '१७ नंबरचा फॉर्म भर आणि बाहेरून बस' असं सांगितलं गेलं असेल. बाहेरून बसणाऱ्या मुलांचा निकाल नियमित विद्यार्थ्यांपेक्षा वेगळा मोजला जातो.

उलट एखादी शाळा अशा मुलांना धरून ठेवते, परीक्षेला बसवते आणि त्यातली दोन नापास होतात. कागदावर ती शाळा मागे पडते. प्रत्यक्षात तिने जास्त काम केलेलं असतं.

त्यामुळे वर्गात कोण आहे, हेही पाहावं लागतं. घरात पहिल्यांदाच दहावीपर्यंत पोहोचलेली मुलं किती? घरची भाषा पावरी, गोंडी किंवा कोरकू आणि पुस्तक मराठीत, अशी किती? अशा वर्गाचा ८५ टक्के निकाल आणि शिकवणीला जाणाऱ्या मुलांच्या वर्गाचा ९५ टक्के निकाल एकाच तराजूत तोलता येत नाही.

पण छोट्या वर्गाची अशी फोड जाहीर करणं धोक्याचं असतं. वर्गात आदिवासी मुलगी एकच असेल, तर 'आदिवासी मुलींचा निकाल शून्य टक्के' या ओळीचा अर्थ सगळ्या गावाला कळतो. म्हणूनच अमेरिकेतली राज्यं ठरावीक संख्येपेक्षा लहान गटाचे आकडे जाहीर करत नाहीत.

मग शाळा तपासायची कशी?

- किमान तीन वर्षांचा निकाल एकत्र करा. टक्केवारींची सरासरी नको. एकूण बसलेली मुलं आणि एकूण पास झालेली मुलं मोजा.
- आठवीचा पट आणि दहावीचा पट ताडून बघा. प्रत्येक शाळेला ११ अंकी यूडायस क्रमांक असतो. त्यावरून यूडायस प्लस पोर्टलवर शाळेची विद्यार्थीसंख्या आणि शिक्षकसंख्या पाहता येते.
- गणित, विज्ञान आणि इंग्रजीला शिक्षक आहेत का, ते विचारा. शिक्षकांची पदं संचमान्यतेत पटावरून ठरतात. पट कमी असेल, तर एकाच शिक्षकावर दोन-तीन विषय येऊ शकतात.
- फक्त पास-नापास बघू नका. ३५ गुणांचं मूलही पास आणि ८५ गुणांचंही पासच. त्यात बहुतेक विषयांचे १०० पैकी २० गुण शाळेच्या अंतर्गत मूल्यमापनाचे असतात.

हे समजून घेणं का गरजेचं आहे?

कारण एका वर्षीचा आकडा बघून पालक मुलं काढतात. दोन-चार मुलं गेली की पट घसरतो, पटाबरोबर शिक्षकाचं पद जातं आणि पुढच्या वर्षी आणखी मुलं जातात. शिक्षण हक्क कायदा ६ ते १४ वयापर्यंतच, म्हणजे आठवीपर्यंतच लागू आहे. गावातलं हायस्कूल बंद पडलं, तर नववी-दहावीसाठी दुसऱ्या गावी जावं लागतं. एसटीची वेळ जमली नाही की अनेक घरांत सगळ्यात आधी मुलीची शाळा सुटते.

खरोखर वाईट चालणाऱ्या शाळेला जाब विचारायलाच हवा. पण १२ मुलांच्या वर्गात नापास झालेली दोन मुलं ही टक्केवारी नसते. ती दोन नावं असतात. ती कोणत्या विषयात अडकली आणि पुरवणी परीक्षेची तयारी कोण करून घेतंय, हे गावातल्या शाळेत जाऊन विचारता येतं.