कोजागिरीचा चंद्र आणि चीनचा चंद्र

6 ऑक्टोबर 2025 ची रात्र. अकलूजमध्ये काही शिक्षक मित्रांबरोबर आम्ही गच्चीवर बसलो होतो. शेगडीवर कोजागिरीचे दूध आटत होते. सहावीतल्या एका मुलाने विचारले, "आज चीनमध्येपण चंद्राचा सण आहे म्हणे. त्यांना आपली कोजागिरी कशी कळली?" मोठी माणसे हसली. पण प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. 2024 मध्ये चीनचा हा सण 17 सप्टेंबरला होता आणि आपली कोजागिरी 16 ऑक्टोबरला. एका वर्षी पुरत्या महिन्याचे अंतर आणि पुढच्याच वर्षी एकच रात्र, असे का व्हावे?

दोन सण

चिनी सणाचे नाव 'मध्य-शरद'. त्यांच्या आठव्या चांद्र महिन्याच्या पौर्णिमेला तो येतो. शरद ऋतूत चंद्राची पूजा करण्याची तेथील राजांची प्रथा फार जुनी. थांग राजवटीत (618 ते 907) चंद्रदर्शनाची आवड वाढली आणि सोंग राजवटीत (960 ते 1279) तो साऱ्या लोकांचा सण झाला. पीक घरात येण्याचे हे दिवस. दूरची माणसे घरी येतात, कंदील लावतात आणि कमळाच्या बियांचे गोड सारण भरलेले गोल 'मूनकेक' वाटून खातात. अमृत पिऊन चंद्रावर गेलेली छांग-अ आणि तेथे औषध कुटणारा ससा यांची गोष्ट मुलांना सांगतात.

हा ससा आपल्याही ओळखीचा आहे. चंद्राला आपण शशांक म्हणतो, ते त्याच्यामुळेच. ज्या काळसर डागांत दोन्ही देशांना ससा दिसला, ती आहेत थिजलेल्या लाव्ह्याची, बेसाल्ट खडकाची मैदाने. अकलूजच्या काळ्या मातीखालचा खडकही बेसाल्टच!

आपली आश्विन पौर्णिमा कोकणात 'नवान्न पौर्णिमा' असते. भाताच्या नव्या लोंब्या दाराला बांधतात, नव्या तांदळाचा नैवेद्य होतो. 'कोण जागे आहे?' असे लक्ष्मी विचारते, या समजुतीवरून 'कोजागिरी' हे नाव पडले. घरातल्या थोरल्या अपत्याला त्या दिवशी ओवाळतात.

पौर्णिमाच का?

पौर्णिमेचा चंद्र सूर्यास्ताच्या सुमारास उगवतो. विजेचे दिवे नव्हते तेव्हा कापणीच्या दिवसांत हा उजेड फुकटचा दिवा होता. शिवाय शरदातल्या पौर्णिमेची आणखी एक सोय आहे. चंद्र रोज सरासरी 50 मिनिटे उशिरा उगवतो. पण शरद संपाताच्या, म्हणजे 23 सप्टेंबरच्या आसपासच्या पौर्णिमेला चंद्राचा मार्ग पूर्व क्षितिजाशी बराच कललेला असतो, त्यामुळे हा उशीर कमी होतो. बीजिंगच्या अक्षांशावर तो जेमतेम अर्ध्या तासावर येतो. तेथे ओळीने तीन-चार संध्याकाळी अंधार फारसा पडतच नाही. अकलूज विषुववृत्ताला अधिक जवळ असल्याने आपल्याकडे हा उशीर सुमारे 40 मिनिटे राहतो.

महिन्याचे अंतर कोठून आले?

बारा चांद्र महिन्यांचे 354 दिवस होतात. सौर वर्षापेक्षा ते 11 दिवसांनी कमी. ही तूट भरून काढण्यासाठी दोन्ही पंचांगे अधून मधून अधिक महिना धरतात. महिन्याचे नाव किंवा क्रमांक सूर्यावरून ठरतो. ज्या चांद्र महिन्यात शरद संपात येतो, तो चीनचा आठवा महिना. ज्या चांद्र महिन्यात सूर्य तुळा राशीत शिरतो, तो आपला आश्विन.

सुमारे 1700 वर्षांपूर्वी हे दोन्ही नियम एकच होते, कारण सूर्य शरद संपाताच्या क्षणीच तुळेत शिरत असे. पण पृथ्वीचा अक्ष भोवऱ्यासारखा सावकाश डुलतो, म्हणून संपातबिंदू ताऱ्यांमधून दर 72 वर्षांना एक अंश मागे सरकतो. चीनने ऋतूंचा सूर्य धरला, आपण ताऱ्यांचा सूर्य धरला. ताऱ्यांवरचे वर्ष ऋतूंच्या वर्षापेक्षा सुमारे 20 मिनिटांनी मोठे. 1700 वर्षांत या मिनिटांचे 24 दिवस झाले. आज तूळ संक्रांत 17 ऑक्टोबरच्या सुमारास येते.

परिणाम असा, की बहुतेक वर्षी चीनचा सण आपल्या भाद्रपद पौर्णिमेला पडतो. पौर्णिमा साधारण 2 ते 7 ऑक्टोबरच्या दरम्यान आली, तरच दोन्ही सण एकत्र येतात. असे पाचांतून एखाद्या वर्षीच घडते. 2025 हे तसे वर्ष होते.

चूक कोणाची?

'मग आपले पंचांग चुकले का?' असे वर्गात हमखास विचारले जाईल. मेघनाद साहांच्या अध्यक्षतेखाली 1952 मध्ये नेमलेल्या समितीने याच सरकण्याकडे लक्ष वेधले होते. तिच्या शिफारशीनुसार 22 मार्च 1957 पासून ऋतूंना बांधलेली राष्ट्रीय दिनदर्शिका सुरू झाली. सण मात्र जुन्याच गणिताने राहिले.

पण अकलूजच्या गच्चीवरून पाहिले तर गोष्ट इतकी सरळ नाही. सोलापूर जिल्ह्यात सर्वाधिक पाऊस सप्टेंबरात पडतो. चीनचा नियम येथे लावला, तर कोजागिरीचा चंद्र पुष्कळदा ढगांतच राहील. आणि नवान्न म्हणावे, तर या दिवसांत आपल्याकडे रब्बी ज्वारीची पेरणी चाललेली असते. हुरडा थंडीत आणि कापणी फेब्रुवारी-मार्चमध्ये. कोकणातल्या भाताचा सण येथे दुधाच्या पातेल्यापुरता उरला, तो त्यामुळे. जिल्ह्याच्या काही भागांत उभ्या ज्वारीत जेवायला बसतात ते वेळ अमावस्येला. सण आकाशाला बांधावा, ऋतूला बांधावा की शेताला, याचे उत्तर एकटे गणित देऊ शकत नाही. तिन्ही दोऱ्या सारख्या ताणलेल्या राहत नाहीत, एवढे मात्र गणित दाखवून देते.

मुलांकडून एक नोंद जरूर करून घ्यावी. नीरेच्या काठी किंवा पूर्व क्षितिज मोकळे दिसेल अशा ठिकाणी कोजागिरीपासून चार संध्याकाळी चंद्रोदयाची वेळ लिहावी. चैत्र पौर्णिमेला पुन्हा तसेच करावे. चैत्रात रोजचा उशीर जास्त भरेल. तो का, हे मुलांनी चेंडू आणि टॉर्च घेऊन स्वतः शोधावे. त्या रात्रीच्या प्रश्नाचे उत्तर आम्ही त्या मुलाला असेच, वही-पेन्सिल हातात देऊन दिले. दूध मात्र तेवढ्यात उतू गेले.