स्वयंपाकघर नवं, समजुती जुन्या

सोयाबीनचे पैसे हातात आले की मुखेडच्या बाजारात फ्रिज-मिक्सरच्या दुकानांपुढे गर्दी वाढते. कुणाचं घर बांधून झालेलं असतं, कुणाच्या मुलीचं लग्न ठरलेलं असतं. जांब, बाऱ्हाळी, मुक्रमाबादहून आलेलं कुटुंब तासाभरात फ्रिज, मिक्सर, शेगडी आणि पाण्याचं फिल्टर घेऊन टेम्पोत चढवतं. वर्षभराच्या कष्टाचे पैसे असे एका दुपारी खर्च होतात, आणि निर्णय बहुतेक वेळा ऐकीव गोष्टींवर होतो.

वस्तू घेताना आपण पहिल्यांदा विचारतो, ‘कंपनी कोणती?’ त्याआधी विचारायला हवं: माझ्या घरातली वीज कशी आहे, पाणी कसं आहे, आणि वस्तू बिघडली तर दुरुस्तीवाला किती लांबून येणार? पुण्या-मुंबईत चालणारी निवड इथे चालेलच असं नाही. सर्रास ऐकू येणाऱ्या काही समजुती या तीन प्रश्नांवर घासून पाहू.

गैरसमज १ : ‘इन्व्हर्टर फ्रिज’ घेतला की लाइट गेली तरी चिंता नाही.

वस्तुस्थिती : नावामुळे झालेला हा घोटाळा आहे. घरातला इन्व्हर्टर बॅटरीवर दिवे-पंखे चालवतो. फ्रिजवरचा ‘इन्व्हर्टर’ हा शब्द त्याच्या कॉम्प्रेसरबद्दल असतो. साधा कॉम्प्रेसर पूर्ण वेगाने चालतो, थांबतो, पुन्हा सुरू होतो. इन्व्हर्टर कॉम्प्रेसर गरजेनुसार वेग कमी-जास्त करतो, त्यामुळे वीज कमी लागते आणि आवाजही कमी होतो. फायदा खरा आहे, पण त्यात बॅटरी नसते. लाइट गेली की तोही बंदच पडतो.

लाइट गेल्यावर कामाला येतं ते दार बंद ठेवणं. दार न उघडल्यास फ्रिजमधला गारवा साधारण चार तास टिकतो. ‘अजून गार आहे का’ म्हणून दर दहा मिनिटांनी दार उघडलं, तर तो लवकर जातो.

याच्याच जोडीला आणखी एक समज आहे: नव्या फ्रिजला स्टॅबिलायझर कधीच लागत नाही. किती व्होल्टपासून किती व्होल्टपर्यंत फ्रिज स्टॅबिलायझरशिवाय चालेल, हे त्याच्या माहितीपुस्तिकेत दिलेलं असतं. शेतावरच्या घरात, जिथे मोटारी सुरू झाल्या की दिवा मिणमिणतो, तिथे घरातलं व्होल्टेज आधी वायरमनकडून दिवसातून दोन-तीन वेळा मोजून घ्या. आकडा त्या मर्यादेत बसत नसेल, तर स्टॅबिलायझरचा खर्च धरूनच फ्रिजचं बजेट ठरवा.

गैरसमज २ : पाच तारे म्हणजे सगळ्यात कमी बिल.

वस्तुस्थिती : हे तारे ऊर्जा दक्षता ब्युरो ठरवतो. २००१ च्या ऊर्जा संवर्धन कायद्याखाली २००२ मध्ये ही संस्था सुरू झाली आणि २००६ पासून उपकरणांवर तारे दिसू लागले. तारे त्या त्या क्षमतेच्या फ्रिजची आपसात तुलना करतात. म्हणून मोठा पाचतारा फ्रिज लहान तीनतारा फ्रिजपेक्षा जास्त वीज खाऊ शकतो. शिवाय निकष अधूनमधून कडक होतात. कालचे पाच तारे आजच्या निकषात कमी भरू शकतात. लेबलवर ते कोणत्या काळासाठी आहे हे छापलेलं असतं. दुकानात पडून राहिलेला जुना माल ओळखायची ती खूण आहे.

तारे मोजण्यापेक्षा त्याच लेबलवरचा ‘वर्षाला किती युनिट’ हा आकडा वाचा. समजा एका फ्रिजवर १८० युनिट लिहिलंय आणि दुसऱ्यावर २४०. फरक वर्षाला ६० युनिटचा. युनिट आठ रुपयांनी धरलं तर वर्षाला ४८० रुपये, दहा वर्षांत ४,८०० रुपये. महागड्या फ्रिजची किंमत याहून खूप जास्त असेल तर ती वसूल होणार नाही; थोडीच जास्त असेल तर तोच घ्यावा.

आपल्या भागासाठी आणखी एक गोष्ट पाहावी लागते. फ्रिजवरच्या माहितीच्या छोट्या पट्टीवर बहुधा हवामानाचा वर्ग इंग्रजी अक्षरांत दिलेला असतो. ‘एन’ म्हणजे भोवतालच्या ३२ अंशांपर्यंत, ‘एसटी’ म्हणजे ३८ पर्यंत आणि ‘टी’ म्हणजे ४३ पर्यंत नीट काम करणारा. मे महिन्यात पत्र्याखालच्या किंवा पश्चिमेच्या भिंतीलगतच्या स्वयंपाकघरात काय तापमान असतं, हे आपल्याला सांगायला नको. इथे ‘टी’ वर्गच पाहावा आणि फ्रिज भिंतीला चिकटवून ठेवू नये. मागची उष्णता बाहेर पडायला जागा नसेल तर लेबलवरचा आकडा कागदावरच राहतो.

गैरसमज ३ : इंडक्शन घेतली की गॅसचा खर्च संपला. किंवा उलट: इंडक्शनने बिल आकाशाला भिडतं.

वस्तुस्थिती : दोन्ही टोकं चुकीची आहेत. हिशेब करून पाहू. १४.२ किलोच्या सिलिंडरमध्ये साधारण १८० युनिट विजेइतकी उष्णता असते. गॅसच्या शेगडीवर तिच्यातली दोन तृतीयांशच्या आसपास भांड्याला लागते, बाकी भोवतालच्या हवेत जाते. इंडक्शन भांड्याचं बूडच तापवते, म्हणून तिथे वाया कमी जातं. त्यामुळे एका सिलिंडरचं काम इंडक्शनवर साधारण १४० ते १५० युनिटमध्ये होतं. आपल्या सिलिंडरची किंमत आणि आपल्या बिलातला युनिटचा दर घेऊन कुणीही ही तुलना करू शकतं.

पण दर काढताना एक मेख आहे. महावितरणचे घरगुती दर टप्प्याटप्प्याने चढतात. पहिली १०० युनिट स्वस्त, १०१ ते ३०० चा दर बराच जास्त. ज्या घराचा वापर महिन्याला ८० युनिट आहे आणि सिलिंडर दीड महिना पुरतो, तिथे सगळा स्वयंपाक इंडक्शनवर केला तर महिन्याला शंभरेक युनिटची भर पडेल आणि त्यातली बहुतेक वरच्या दराने लागतील.

शिवाय इथलं रोजचं जेवण ज्वारीच्या भाकरीचं. भाकरी तव्यावर भाजली तरी ती फुगते आचेवर. इंडक्शनला आचच नसते. तेव्हा चहा, दूध, भात, वरण यांसाठी इंडक्शन आणि भाकरीसाठी गॅस, ही वाटणी व्यवहाराची आहे.

भांडी मात्र आधी तपासा. फ्रिजवर चिकटवायचं साधं चुंबक भांड्याच्या बुडाला लावा. घट्ट चिकटलं आणि बूड सपाट असलं तर भांडं चालेल. साधा ॲल्युमिनियमचा कुकर, पितळी पातेलं, तांब्याचा गडू इंडक्शनवर तापत नाहीत. नवा कुकर घ्यायचाच असेल तर इंडक्शनवर चालणारा आणि आयएसआय चिन्ह असलेला घ्या. चिन्हाजवळचा परवाना क्रमांक भारतीय मानक ब्युरोच्या ‘बीआयएस केअर’ ॲपमध्ये टाकला की चिन्ह खरं की खोटं ते कळतं.

गैरसमज ४ : जितके वॅट जास्त, तितका मिक्सर दणकट.

वस्तुस्थिती : वॅट म्हणजे मिक्सर किती वीज घेतो, त्याचा आकडा. भांड्याची ठेवण, पात्याची धार आणि मोटार किती वेळ टिकाव धरते, यावर दळण ठरतं. येसर, सुकं खोबरं, तीळ, शेंगदाण्याची चटणी असं कोरडं वाटण करणाऱ्या घराला मजबूत मोटार हवी, यात शंका नाही. पण कितीही वॅटचा मिक्सर सलग चालवायला केलेला नसतो. किती मिनिटं चालवून किती विश्रांती द्यायची, हे माहितीपुस्तिकेत असतं. सणाच्या आदल्या दिवशी पुरण आणि मसाला एका दमात काढताना नेमकं तेच विसरलं जातं.

मिक्सर मध्येच गप्प झाला तर तो ‘जळाला’ असं लगेच समजू नका. प्लग काढा, अर्धा तास थंड होऊ द्या, मग उलटा करा. बुडाशी बहुधा एक लहान लाल बटण असतं. मोटारीवर ताण आला की ते स्वतःहून बाहेर येऊन वीज तोडतं. ते आत दाबलं की मिक्सर पुन्हा सुरू होतो. हे माहीत नसल्यामुळे चांगले मिक्सर दुरुस्तीला जातात. बटण पुन्हा पुन्हा बाहेर येत असेल, तेव्हा मात्र दुरुस्तीवाल्याकडे जा.

गैरसमज ५ : पाण्याचा टीडीएस जितका कमी, तितकं पाणी शुद्ध, म्हणून आरओ प्रत्येकाला हवाच.

वस्तुस्थिती : टीडीएस म्हणजे पाण्यात विरघळलेल्या क्षारांचं एकूण प्रमाण. जंतू त्यात मोजले जात नाहीत. टीडीएस १०० असलेलं पाणीही जुलाबाला कारण होऊ शकतं. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत टीडीएस योग्य. दुसरा स्रोतच नसेल तर २,००० पर्यंत चालतो. पाणी नळाचं, गोडं आणि टीडीएस ५०० च्या आत असेल, तर जंतू मारणारं अतिनील किरणांचं यंत्र किंवा उकळणं बहुतेक वेळा पुरतं. आरओ यंत्र मात्र एक लिटर पाणी देताना अनेकदा तीन लिटरपर्यंत फेकून देतं. उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणाऱ्या गावात ही किंमत मोठी आहे. यंत्र घेतलंच तर ते पाणी फरशी पुसायला, भांडी विसळायला साठवा.

बोअरच्या पाण्याची गोष्ट वेगळी. नांदेड जिल्ह्याच्या काही भागांत भूजलात फ्लोराइड आढळतं. लिटरला १.५ मिलिग्रॅमच्या वर ते गेलं आणि असं पाणी वर्षानुवर्षं प्यायलं गेलं, तर दातांवर डाग पडतात, हाडं आखडतात. फ्लोराइडला चव नाही, वास नाही, आणि ते उकळून जात नाही. उलट पाणी आटल्याने त्याचं प्रमाण वाढतं. इथे आरओ खरोखर उपयोगी पडतो. म्हणून यंत्राच्या आधी पाण्याची तपासणी. शासनाच्या भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळांत ती होते. विक्रेत्याने दारात येऊन टीडीएसचा आकडा दाखवणं म्हणजे तपासणी नव्हे.

गैरसमज ६ : तीन पिनांचा प्लग लावला की शॉक बसत नाही.

वस्तुस्थिती : तिसरी पिन जमिनीत पुरलेल्या अर्थिंगपर्यंत पोहोचली तरच उपयोगाची. कित्येक घरांत सॉकेटच्या वरच्या छिद्रामागे तारच जोडलेली नसते. उन्हाळ्यात जमीन कोरडी पडली की खरं अर्थिंगही दुबळं होतं. अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी ओतत राहावं लागतं. दोन हजार वॅटची इंडक्शन जवळपास नऊ अँपिअर वीज ओढते. ती सहा अँपिअरच्या साध्या सॉकेटवर किंवा मल्टिप्लगवर चालवली तर प्लग वितळतो. ओट्यावर १६ अँपिअरचे किमान दोन सॉकेट आणि मुख्य बोर्डावर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळू लागताच पुरवठा तोडणारा स्विच), हा खर्च फ्रिजच्या आधीचा आहे. आरसीसीबीवर चाचणीचं बटण असतं. महिन्यातून एकदा ते दाबा. वीज तुटली पाहिजे.

ऑगस्ट २०२५ मध्ये लेंडी धरणाच्या परिसरातल्या रावणगाव, हसनाळसारख्या गावांत घराघरांत पाणी शिरलं. अशा वेळी ‘वाळलं की चालतं’ ही समजूत जिवावर बेतू शकते. पाण्यात बुडालेला फ्रिज वरून कोरडा दिसला तरी आत गाळ आणि ओल असते. आधी घराची वायरिंग, मग उपकरण तपासून घ्यावं आणि तोवर प्लग लावू नये.

गैरसमज ७ : पक्कं बिल घेतलं तर जीएसटीचे १८ टक्के जादा पडतात.

वस्तुस्थिती : खोक्यावरच्या एमआरपीत सगळे कर धरलेले असतात. त्याच्या वर कर लावणं बेकायदा आहे; त्याहून कमी भावात मागणं हा आपला हक्क आहे. कच्च्या चिठ्ठीवर थोडी सूट मिळते, पण वॉरंटीला आणि तक्रारीला तीच चिठ्ठी आडवी येते. ‘दहा वर्षांची वॉरंटी’ही नीट वाचा. ती बहुधा फक्त कॉम्प्रेसरची असते. बाकी फ्रिजची एकच वर्षाची. कंपनीचा माणूस नांदेड किंवा लातूरहून येणार असेल तर त्याचे येण्याचे पैसे कोण देणार, हे बिलावर लिहून घ्या.

‘शून्य टक्के व्याज’ हेही तसंच. शून्य व्याज असं काही नसतंच, असं रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्येच बँकांना बजावलं होतं. रोखीचा भाव विचारा, हप्त्यांची बेरीज करा, फाइलचा खर्च मिळवा. फरक समोर येतो.

तरीही फसवणूक झालीच तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते, आणि वस्तूची किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर तिला शुल्क लागत नाही. बिल मात्र हवं.

तेव्हा बाजारात निघताना पिशवीत चार गोष्टी टाका: विजेचं शेवटचं बिल, पाण्याच्या तपासणीचा कागद, एक चुंबक आणि ओट्यावरच्या सॉकेटचा मोबाइलमधला फोटो. दुकानात फ्रिजचं दार उघडून पाहण्याआधी त्यावरचं लेबल आणि माहितीची पट्टी दोन मिनिटं वाचा. पुढची दहा वर्षं तो फ्रिज कसा वागणार, याचा बराचसा हिशेब तिथे आधीच लिहून ठेवलेला असतो.