टिटवाळा, झरी, तलवाडा

अमेरिकेच्या यादवी युद्धाला कलाटणी नेमकी कुठे मिळाली, यावर तिथले इतिहासकार दीडशे वर्षं भांडत आहेत. एप्रिल १८६१मध्ये सम्टर किल्ल्यावर पहिल्या तोफा डागल्या गेल्या, तेव्हा लिंकन यांना देश एकसंध ठेवायचा होता. गुलामगिरी मोडायची भाषा ते अजून करत नव्हते. १७ सप्टेंबर १८६२ला अँटिटमच्या ओढ्याकाठी दक्षिणेची चढाई अडली आणि पाचच दिवसांत लिंकननी मुक्तीचा जाहीरनामा बाहेर काढला. १ जानेवारी १८६३पासून तो अमलात आला. त्याच वर्षी जुलैत गेटिसबर्ग आणि व्हिक्सबर्ग एका दिवसाच्या अंतराने उत्तरेच्या हाती लागले. सप्टेंबर १८६४मध्ये अटलांटा पडलं, लिंकन पुन्हा निवडून आले, ९ एप्रिल १८६५ला दक्षिणेचा सेनापती जनरल ली शरण आला आणि डिसेंबरात तेराव्या घटनादुरुस्तीने गुलामगिरी कायद्यातून गेली.

या यादीत मला एक तारीख हवी असते, आणि ती बहुतेक पुस्तकांत तळटीपेत सापडते. २३ मे १८६१च्या रात्री व्हर्जिनियातले तीन गुलाम एका होडीतून खाडी ओलांडून उत्तरेच्या ताब्यातल्या मन्रो किल्ल्यावर गेले. मालकाचा माणूस त्यांना परत मागायला आला. किल्ल्यावरचा जनरल बटलर मुळात वकील. त्याने सांगितलं, ही शत्रूची मालमत्ता आहे, युद्धात जप्त झाली, परत मिळणार नाही. माणसाला मालमत्ता म्हणूनच त्याने माणसाला सोडवलं! बातमी पसरली आणि मळ्यांमधून माणसं निघाली. आधी डझनांनी, मग हजारांनी. जाहीरनाम्याला अजून दीड वर्ष होतं. पुढे सुमारे १,८०,००० काळे सैनिक उत्तरेकडून लढले. राबणाऱ्याने हात आखडता घेतला, तिथे कलाटणी मिळाली, असं माझं मत आहे. आणि ते ठाणे जिल्ह्याचा इतिहास वाचून झालेलं आहे.

ठाण्या-कल्याणचा त्या युद्धाशी पहिला संबंध आला तो पैशाचा. दक्षिणेच्या बंदरांची नाकेबंदी झाली, मँचेस्टरच्या गिरण्या कापसावाचून अडल्या आणि मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला. रेल्वे १८५३ला ठाण्यापर्यंत आणि १८५४ला कल्याणपर्यंत आलेलीच होती. बोरघाटाचं काम १८६३ला पुरं झालं, थळघाटाचं १८६५ला. म्हणजे कल्याण जंक्शनचे दोन्ही फाटे युद्धाच्याच वर्षांत देशावर चढले. मुंबईत दलाल प्रेमचंद रायचंदांच्या शब्दावर शेअर उडत होते. लीच्या शरणागतीची बातमी आली आणि १ जुलै १८६५ला सगळा फुगा फुटला. पण रूळ राहिले. १८६४ला गुजरातकडून येणारी दुसरी रेल्वेही डहाणू-पालघरवरून मुंबईत पोचली होती, आणि तिने डहाणूच्या जंगलातलं लाकूड आणि गवत मुंबईच्या दारात आणून ठेवलं. आपल्या गोष्टीच्या दृष्टीने कापसापेक्षा हे गवत महत्त्वाचं आहे.

दुसरा संबंध विचारांचा. जोतीराव फुल्यांनी १८७३ला ‘गुलामगिरी’ छापलं आणि ते गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना अर्पण केलं. त्यांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांचा जन्म ठाण्यातला, १८४८चा. गिरणी कामगारांची पहिली संघटना त्यांनी १८८४ला उभी केली, आणि १८९०पासून कामगारांना मिळू लागलेली रविवारची सुट्टी ही त्यांचीच कमाई. ठाण्याचे किती लोक रविवारी सकाळी लोळताना त्यांची आठवण काढतात, हे विचारायला नको.

मात्र फुल्यांच्या त्या अर्पणपत्रिकेनंतरही याच जिल्ह्याच्या उत्तर टोकाला माणसं बांधलेली होती. कागदोपत्री हिंदुस्थानातली गुलामगिरी १८४३च्या कायद्यानेच संपली होती, अमेरिकन युद्धाच्या अठरा वर्षं आधी. कोर्टात कोणी कोणाचा मालक उरला नाही. उरला तो सावकार.

उंबरगाव-डहाणूतल्या वारल्याच्या नशिबी ‘लग्नगडी’ होणं कसं यायचं, ते जरा जवळून पाहू. तरुणाला लग्न करायचं तर मुलीच्या बापाला देज द्यावं लागे; वर ताडी, भात, गावजेवण. पैसा सावकाराकडे. तो देई, आणि फेड म्हणून तरुणाने त्याच्या वाड्यावर, शेतावर राबायचं. एका लग्नाच्या कर्जात दोघं राबायला मिळत, कारण बायकोही आपोआप कामाला येई. त्यांची मजुरी खात्यात जमा होतेय की नाही, हे पाहणारा कोणी नव्हता, लिहिणारा सावकारच. पावसाळ्यात घरातलं धान्य संपलं की खावटी उचलायची आणि सुगीला दीडपटीने परत करायची. मुलगा मोठा झाला की त्याचंही लग्न करायचं असेच! जे लग्नगडी नव्हते त्यांना वेठ होती: आधी मालकाच्या जमिनीची नांगरणी, पेरणी, कापणी, नंतर स्वतःच्या खंडाच्या तुकड्याची, तीही पाऊस शिल्लक राहिला तर. नकार दिला की चाबूक, झाडाला टांगणं, आणि बायकांवर याहून वाईट. हे लाल बावट्याच्या प्रचारातलं वर्णन समजून कोणी सोडून देऊ नये. सिमिंग्टन नावाच्या आयसीएस अधिकाऱ्याने १९३९च्या सरकारी अहवालात आदिवासींच्या या गुलामीची नोंद केलेली आहे. अहवाल छापला, वाटला आणि कपाटात गेला.

ही कोंडी फुटायला सुरुवात झाली कल्याण तालुक्यात. गणपतीसाठी ओळखलं जाणारं, आज कल्याण-डोंबिवली महापालिकेत मोडणारं टिटवाळा. जानेवारी १९४५मध्ये तिथे महाराष्ट्र किसान सभेचं पहिलं अधिवेशन भरलं. त्यासाठी गोदावरी परुळेकर गावोगाव पायी हिंडल्या होत्या. पूर्वाश्रमीच्या गोखले, पुण्यातल्या सुखवस्तू घरातल्या, कायद्याच्या पदवीधर. त्या आणि पती शामराव दोघेही भारत सेवक समाजातून कम्युनिस्ट पक्षात आलेले. या अधिवेशनाला उंबरगावकडचे थोडे वारलीही आले होते. त्यांच्यातला माह्या धांगडा बोलायला उभा राहिला आणि आमच्याकडे वेठ आहे, तुम्ही तिकडे या, असं त्याने सांगितलं. अधिवेशनात ठराव बरेच झाले असतील, पण इतिहासात उरलं ते हे बोलावणं. पुढारी वारल्यांकडे गेले ही अर्धी गोष्ट झाली. आधी वारली टिटवाळ्याला आले होते.

चार महिन्यांनी, २३ मे १९४५ला, आजच्या तलासरी तालुक्यातल्या झरी गावात सुमारे पाच हजार वारली जमले. मन्रो किल्ल्याची तारीखही २३ मे. निव्वळ योगायोग, पण माझ्यासारख्याला सोडवत नाही. झरीला जे ठरलं ते बोटांवर मोजण्याइतकं साधं होतं: वेठीला जायचं नाही, बारा आणे रोख मिळाल्याशिवाय मालकाच्या शेतावर पाऊल टाकायचं नाही, अंगावर हात पडला तर तो अडवायचा, आणि हे सगळ्यांनी मिळून करायचं. वाचता न येणाऱ्या माणसाला डोक्यात धरून वीस कोस चालत जाऊन सांगता यावेत, असे हे ठराव आहेत. आणि झालंही तसंच. काही आठवड्यांत वेठ बंद पडली. वारल्यांचे जथे वाड्यांवर जाऊन लग्नगड्यांना बाहेर बोलावून घेऊ लागले. पिढ्यान्पिढ्यांची कर्जं सावकाराच्या अंगणात उभ्याउभ्या संपली. पेरणी तोंडावर असताना सावकाराला हात हवे होते आणि हात मिळत नव्हते.

पण फुकट राबणं बंद झालं तरी पोट होतंच, तेव्हा खरी लढाई मजुरीवर आली, आणि ती गवतावर आली. पावसाळा सरला की डहाणू-उंबरगावचं गवत कापून, दाबून, गाठी बांधून मुंबईच्या तबेल्यांकडे रवाना व्हायचं. गवताला मुहूर्त असतो: वाळून गेलं की भाव गेला. ऑक्टोबरमध्ये वारल्यांनी पाचशे पौंड गवत कापायचे अडीच रुपये मागितले आणि विळे खाली ठेवले. गवत उभं, व्यापारी अस्वस्थ, जमीनदार हातघाईवर.

१० ऑक्टोबरच्या रात्री अफवा पसरवली गेली की गोदावरीबाईंच्या जिवाला धोका आहे, सगळ्यांनी तलवाड्याला या. हजारो माणसं काठ्या घेऊन जमली. बाई तिथे नव्हत्याच. दंगल होणार असं सांगून पोलीस मात्र आणलेले होते. गोळीबार रात्री सुरू झाला आणि दुसऱ्या दिवशीपर्यंत थांबून थांबून चालू राहिला. जेठ्या गांगड आणि त्याच्यासोबत आणखी चार, असे पाच जण मेले. माणसं तरीही लवकर हटली नाहीत, कारण बाई येणार असा निरोप होता. एवढं होऊनही संप मोडला नाही आणि गवताचा दर मालकांना द्यावा लागला. युद्धात जिला निर्णायक लढाई म्हणतात, ती ही. झरीला मिळालेलं तलवाड्याला टिकलं.

पुढच्या वर्षी हेच जंगलात घडलं. कूपात लाकूड तोडणाऱ्यांनी रोज सव्वा रुपया मागितला आणि नोव्हेंबर १९४६मध्ये लाकूड व्यापाऱ्यांनी तो मान्य केला. एव्हाना मुंबई प्रांतात बाळासाहेब खेरांचं मंत्रिमंडळ होतं, गृहखातं मोरारजी देसाईंकडे. ज्यांच्याकडून वारल्यांनी आशा धरायची त्यांनीच परुळेकरांना जिल्हाबंदी केली, आणि ७ जानेवारी १९४७ला पालघरच्या नानिवलीत पोलिसांच्या गोळ्यांनी आणखी पाच आदिवासी मेले. स्वातंत्र्य सात महिन्यांवर होतं. गोऱ्यांच्या आणि आपल्यांच्या बंदुकीत काय फरक, असं वारल्याने विचारलं असतं तर सरकारपाशी उत्तर नव्हतं. गोदावरीबाईंनी हे सगळं ‘जेव्हा माणूस जागा होतो’मध्ये लिहिलं. १९७०चं हे पुस्तक, साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळालेलं. ठाणे जिल्ह्यात शिकून एकदाही ते हाती न पडलेली माणसं मी रोज पाहतो, आणि हा दोष त्या माणसांचा नाही.

अमेरिकेत युद्ध जिंकल्यावर काय झालं? मळे त्याच मालकांकडे राहिले. मुक्त झालेला माणूस बी-बियाणं उधार घेऊन अर्धेलीने तीच जमीन कसू लागला आणि दुकानदाराच्या वहीत अडकला. तेराव्या दुरुस्तीत गुन्ह्याच्या शिक्षेपुरती सक्तीच्या कामाची वाट उघडी होती. दक्षिणेने कैदी भाड्याने देऊन ती रुंद केली. आपल्याकडे १९४८चा कूळकायदा आला, १९५७चा कृषक दिन आला, कुळं मालक झाली. ज्यांच्या नावावर कूळ म्हणूनही नोंद नव्हती ते, विशेषतः कातकरी, तिथेच राहिले. घटनेच्या २३व्या कलमाने वेठ बेकायदा ठरवली होती. तरी आणीबाणीत, ऑक्टोबर १९७५मध्ये, वेठबिगारी संपवायला वेगळा वटहुकूम काढावा लागला आणि १९७६ला त्याचा कायदा झाला. मुंबईच्या वेशीवरच्या वसई तालुक्यात विवेक आणि विद्युल्लता पंडितांनी १९८२ला श्रमजीवी संघटना काढली, तेव्हाही त्यांना बांधलेली माणसंच सापडली. त्या कामासाठी लंडनच्या गुलामगिरीविरोधी संस्थेने १९९९ला त्यांना पुरस्कार दिला. म्हणजे आपल्या लोकलच्या पल्ल्यातली गुलामी विसाव्या शतकाच्या अखेरीसही जगाच्या यादीवर होती.

आणि आता? लग्नाच्या कर्जाची जागा बयाण्याने घेतली आहे. जव्हार, मोखाडा, शहापूर, मुरबाडच्या पाड्यांवर पावसाळ्यातल्या तंगीत वीटभट्टीवाला पैसे टेकवतो. दिवाळी झाली की कुटुंब भिवंडी-कल्याणकडच्या भट्टीवर येतं, भोंगा म्हणजे झोपडी बांधतं. नवरा-बायकोची जोडी धरून हजार विटांचा दर ठरतो. दर आठवड्याला खर्ची मिळते; हिशेब पावसाच्या तोंडावर, आणि वही अजूनही मालकाचीच. कच्च्या विटा पलटायला लहान हात बरे, म्हणून मुलंही कामाला. सगळेच मालक असे नाहीत, आणि नाइलाज नसता तर कोणी बयाणा घेतला नसता, हेही खरं. पण फिटलं नाही म्हणून पुढच्या हंगामाला यावंच लागेल असं जिथे सांगितलं जातं, तिथे कायद्याच्या भाषेत ती वेठबिगारी आहे. २०२२ला तर कातकऱ्यांची लहान मुलं थोड्या पैशांवर मेंढपाळांकडे राबायला दिल्याच्या तक्रारींवरून ठाणे, पालघर, नाशिक जिल्ह्यांत गुन्हे नोंदले गेले.

डोंबिवली, टिटवाळा, घोडबंदर रोडच्या इमारतींत राहणाऱ्या आपल्यासारख्यांनी एवढं लक्षात ठेवावं. १९७६च्या कायद्याने वेठबिगाराचं कर्ज रद्द होतं. ते वसूल करणं हाच गुन्हा आहे. वेठ लावणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. जिल्हाधिकारी आणि प्रांत यांच्या अध्यक्षतेखाली दक्षता समित्या असाव्यात, असं हाच कायदा सांगतो. खबर द्यायला नातं लागत नाही की वकील लागत नाही. दिवाळीनंतर भट्ट्यांवर भोंगे उभे राहतात. जाता-येता तिथे शाळेच्या वयाचं पोर विटा पलटताना दिसलं, तर तहसीलदार कचेरीत एक अर्ज टाका आणि त्याची पोच मागून घ्या.